टाकीला विरजण

निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या गावात केवळाबाई एकटी राहते. दोन गायी, एक गोठा, आन् गोठ्यामागं मी बांधलेली गोबरगॅसची टाकी. मी खाजा मिस्त्री. बाईला दमा हाय, चुलीच्या धुरात बसली की छाती भरते. पोरगा दयानंद लातूरला. त्याचं एकच म्हणणं, गॅस बंद पडला तर गायी इकायच्या आन् आईला घेऊन जायचं. तिला घर सोडायचं न्हाई.

बाई लई नेटकी. डोकं उठवणारी नेटकी. मी चहा पिऊन कप ठेवला की माझ्यासमोरच तीनदा धुते. मुसलमान म्हणून न्हाई, पोराचाबी तसाच धुते.

गावात जनावरांची साथ आली तशी ती सकाळ-संध्याकाळ गोठ्यात फिनेल ओतायला लागली. गोठ्याची नाली सरळ टाकीत जाते. पंधरा दिवसांत जाळ बारीक झाला, मग पेटेचना. दयानंदनं फोनवर मलाच झाडलं. माझं टाळकं सरकलं. टाकी चिरली असती तर माझी चूक, पण टाकी साबूत होती.

टाकीतली शेणाची रबडी काढून बघितली तर फिनेलचा भपकारा.

म्हणलं, "मावशी, शेणातले बारीक जीव गॅस करतात. तुमी औषध घालून मारलं त्यांना."

"मी तर घाण काढत होते."

"तीच घाण कामाची होती."

नाली तोडायची, अर्धी टाकी उपसायची, ताजं शेण घालायचं आन् दुसऱ्या चालू टाकीतली रबडी विरजणासारखी मिसळायची, एवढंच काम. पण गावात दुसरी टाकी एकच, तिच्या धाकट्या जावेची, उमादेवीची. तिच्या घरचं पाणी केवळाबाई बारा वर्षं प्याली नव्हती. चारचौघांत तिला गबाळी म्हणायची. दयानंदनं महिन्याची मुदत दिली. त्यातले आठ दिवस बाईनं नुसते बसून घालवले. मला राग आला आन् कीवबी आली.

नवव्या दिवशी बकेट घेऊन निघाली. उमादेवीनं कारण इचारलं न्हाई, बकेट हातातून घेतली. बारा खेपा तिनंच केल्या, कारण केवळाबाईला चार पावलांत दम लागत होता.

शेवटच्या खेपेला केवळाबाई म्हणली, "मी तुला लई बोलले."

"हाव, बोललात. बाजूला सरका अक्का, अंगावर सांडंल."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी निळा जाळ धरला. मी शेगडीपाशीच होतो, तेवढ्यात दयानंदचा फोन आला.

"गायींना गिऱ्हाईक आणू नको," केवळाबाई म्हणली. "गॅस चालू हाय. उमीनं दिला."