अंजनाच्या बुंध्यातला खिळा

अंजनाचं लाकूड पाण्यात बुडतं. देवपुरातल्या माझ्या कारखान्यात नवीन गिऱ्हाईक आलं की मी पाण्याच्या बादलीत त्याचा एक तुकडा टाकून दाखवतो. तुकडा सरळ तळाला जातो आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यासारखं होतं. साग हे गुणी लाकूड, सांगाल तसं वागतं. अंजन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याचे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की रंध्याचं पातं अर्ध्या दिवसात बोथट होतं. सुकलेल्या अंजनात खिळा ठोकायला जा, खिळाच वाकतो. आधी भोक पाडावं लागतं. पण वाळवी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आमच्याकडे गाडीचे आख, घराचे खांब, मुसळं याचीच करत. उभा जन्म मी या लाकडाशी भांडत आलोय आणि मला ते मनापासून आवडतं.

रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा आमच्या गावच्या शिवेवरचं अंजन तोडलं गेलं. गावचं झाड कुणाच्या भट्टीत जाऊ नये म्हणून बुंध्याचा ओंडका लिलावात मीच घेतला आणि दोन वर्षं सावलीत सुकवला. जळगावच्या एका डाळमिलवाल्याला नव्या बंगल्यासाठी काळ्या-तांबड्या गाभ्याची चौकट हवी होती. एका सकाळी ओंडका आरा मशीनवर चढवला.

दुसऱ्याच फळीला मशीन किंचाळलं. ठिणग्या उडाल्या, पात्याचे चार दात गेले. मी शिव्या घालत मशीन बंद केलं. जुन्या झाडात लोखंड निघतंच, तारेचा तुकडा असतो, कुणी कंदिलासाठी मारलेला हूक असतो. इथे लोहाराच्या हातचा चौकोनी खिळा होता. भोवतीचं लाकूड लोखंडानं काळंनिळं पडलं होतं, मार लागून रक्त साकळतं तसं. मी पटाशीनं कोरून खिळा उपटला. माथ्याखाली काहीतरी गुंडाळलेलं होतं. सुतळी असेल म्हणून अंगठ्यानं खरवडलं, खाली भुशात पडू दिलं आणि खिळा डब्यात टाकला.

मग बोटांकडे लक्ष गेलं. बोटाला एक केस चिकटला होता, लांब, अजून काळाभोर.

मी मोजपट्टी घेतली. बुडाकडच्या टोकापासून खिळा सव्वातीन फुटांवर होता. जमिनीच्या वर अर्धा फूट खुंट राहिला होता, तोही धरला. झाड शेंड्याला वाढतं. बुंध्यात मारलेला खिळा वर सरकत नाही, नुसता आत आत जातो. म्हणजे पावणेचार फूट. आठ वर्षांच्या पोरीची उंची.

लहानपणी माझ्या बहिणीला, अक्काला, आकडी यायची. यायच्या आधी ती आईकडे पळत जाऊन सांगायची, "माय, तोंडमा लोखंड उनं." जिभेवर लोखंडाची चव आली की थोड्याच वेळात ती जमिनीवर असायची. शेवटी ती आठ वर्षांची असताना आईनं तिला शिवेवरच्या अंजनाला उभं केलं आणि भगतानं तिच्या डोक्याच्या उंचीवर, तिचेच केस गुंडाळून, खिळा मारला. पोर खिळ्याच्या वर वाढली की दुखणं झाडाकडे राहतं. खिळा मात्र काढायचा नाही. अक्काला पुन्हा आकडी आली नाही. मी मोठा झाल्यावर यावरून तिची खूप टर उडवली. "तुनं भूत अजून झाडलेच लटकेल शे का?" असं तिच्या लग्नात नवऱ्यासमोर विचारलं होतं. त्या झाडावर गावानं कितीतरी खिळे मारले असतील. पण मी घाबरलो. खरंच घाबरलो.

शिरपूरला तिच्या घरी फोन लावला. दोनदा नुसताच वाजत राहिला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"अक्का, कशी शे तू?"

"बरी शे." मग म्हणाली, "सकायपाईन तोंडमा लोखंड शे, भाऊ."

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर झापेल. तिनं एवढंच विचारलं, "एकच काढेल शे ना?"

मी फळीकडे पाहिलं. खिळ्याच्या जागेखाली वीतभर अंतरावर आणखी एक काळा डाग होता. त्याला पातं लागलं नव्हतं.

"एकच," मी म्हणालो. "खाले आखो एक शे."

"वरना मना शे," अक्का म्हणाली. "खालना तुना. तू चार वरीसना व्हता, तुले काय आठवी? कोनले सांगानं नही, आशी मायनी माले आन घालेल व्हती. मना निंघना ते निंघना. तुनाले हात लावू नको."

फोन ठेवला आणि मी मशीनखालच्या भुशात गुडघ्यांवर बसलो. गिऱ्हाइकासमोर बादलीत लाकूड बुडवून ऐट मारणारा मी, दुपारपर्यंत पिठाच्या चाळणीनं भुसा चाळत होतो. अंजनाचा भुसा नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी भुशाचंच होतं असं मी म्हणणार नाही. अकरा केस सापडले. आणखी असतील. ते खिळ्याला गुंडाळले आणि खिळा त्याच भोकात घातला. भोक सैल झालं होतं. अंजनाचीच चपटी पाचर मारली तेव्हा कुठे बसला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. चहा गोड लागला म्हणाली.

डाळमिलवाल्याला दुसऱ्या ओंडक्याची चौकट करून दिली. दोन खिळ्यांची फळी कारखान्यात भिंतीला उभी आहे, बुंधा खाली, शेंडा वर, झाड उभं होतं तशी. तिला मी कुणाला हात लावू देत नाही. खालचा डाग माझ्या मांडीशी येतो.

मला आकडी आल्याचं आठवत नाही. पण पंधराव्या वर्षापासून मी सुतारकाम करतोय आणि आम्ही सुतार खिळे ओठांत धरतो, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. तोंडात लोखंडाची चव मला रोजचीच. ती कधी खिळ्यांची होती आणि कधी खिळे नसतानाही आली होती, हे मी कधी पाहिलंच नाही. आता पाहायचं म्हणून खिळे तोंडात धरणं सोडलं. कमरेला पिशवी बांधतो. हात सारखा ओठांकडे जातो आणि रिकामा परत येतो.

अक्का रोज सकाळी फोन करते. मी तिला विचारतो, तोंडाला चव कशी आहे. मग ती मला विचारते.

मी सांगतो, चहाची. बहुतेक दिवशी ते खरं असतं.