हस्तकला मेळ्यात मी खुंटी झाले

गर्दी बघितली की मी वाट बदलते. पूर्वी असं नव्हतं. गावच्या जत्रेत एकदा रेटारेटीत सापडले, श्वास कोंडला, चप्पल कुठं गेली कळलंच नाही. तेव्हापासून मी भाजीसुद्धा भर उन्हात आणते, कारण त्या वेळी मंडईत कुणी फिरकत नाही. अशा बाईनं छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या हस्तकला मेळ्याला जायचं ठरवलं म्हणजे बघा! झालं असं की माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तिथं दोन दिवस घोंगडीचा ताणा, म्हणजे विणण्याआधी ताणायचे उभे धागे, करून दाखवायला बोलावलं होतं. नवरा चिकलठाण्याला कंपनीत, त्याला सुट्टी नाही. मग सोबत कोण? मीच.

तुम्हीही माझ्यासारखे भित्रे असाल तर माझा प्लॅन ऐकून ठेवा. शनिवार-रविवार टाळायचा. दार उघडल्या उघडल्या आत शिरायचं. जेवण अकरालाच उरकायचं, म्हणजे पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर रांग लागत नाही आणि भाकरी तव्यावरची मिळते. मागचं दार कुठं आहे ते सगळ्यात आधी बघायचं. आणि ऊन उतरायच्या आत परत मुकुंदवाडीला, आपल्या घरी.

आत्याबाई आदल्या दिवशी वैजापूरहून एस.टी.नं आल्या, सुताच्या गुंड्यांनी भरलेलं पोतं घेऊन. घरच्याच मेंढरांची लोकर, हिवाळाभर स्वतः कातलेली. सकाळी शेअर रिक्षात बसताना रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, बोरे का किराया अलग लगता."

"अलग कशाचं? मांडीवर घेते की," आत्याबाई म्हणाल्या आणि घेतलंसुद्धा. पूर्ण जालना रोडभर मला त्यांचं तोंड दिसलं नाही, पोतंच दिसत होतं. तुम्ही स्वतःची गाडी आणणार असाल तर मैदानामागच्या गल्लीत लावा. पुढं लावलेली लवकर निघत नाही.

सकाळचा मेळा खरंच बघण्यासारखा होता. बिदरीची भांडी, हिमरूच्या शाली, गोधड्या, सगळं निवांत हात लावून बघता येत होतं. मी दोनदा मागच्या दारापर्यंत जाऊन आले. माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

मग लक्षात आलं की आमच्या दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. गावाकडं ताणा अंगणात करतात. जमिनीत खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्यामध्ये सूत ताणत न्यायचं. इथं सतरंजीखाली काँक्रीट.

"मावशी, इथं काही ठोकता येणार नाही," मेळ्यातली कार्यकर्ती म्हणाली.

आत्याबाईंनी जमिनीकडं बघितलं, मांडवाच्या खांबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एक बाजू ह्या खांबाला घेते. दुसरीकडं काठी धरून तू हुबी ऱ्हा. सोडू नको. सैल पडलं तर समदं गुततंय."

म्हणजे मीच खुंटी. तेवढ्यात माईकवरून घोंगडीचं नाव पुकारलं आणि पाठोपाठ शाळांच्या सहली आत आल्या. शनिवार-रविवार टाळला होता ना मी? सहली आठवड्याच्या मधल्याच दिवशी येतात, हे कुठं सुचलं होतं! बघता बघता पोरं, बाया, मोबाईल वर धरलेले बाप्ये, सगळ्यांनी आम्हाला वेढून टाकलं. मागचं दार आधी डोक्यांवरून दिसत होतं, मग तेही दिसेना. कुणाचा तरी कोपर पाठीला लागला आणि मला जत्रा आठवली. घाम फुटला, कानात दडे बसले. काठी टाकायची आणि पळायचं, एवढंच डोक्यात होतं. पण काठी टाकली असती तर त्या बाईचा अख्खा हिवाळा चारचौघांत सतरंजीवर गुंता होऊन पडला असता. तरी सांगते, मी टाकणारच होते.

आत्याबाई खांबापाशी पोचून थांबल्या होत्या, हातात सुताचं टोक. माझ्या काठीवरचा धागा थरथरत होता. मला वाटलं, माझेच हात. मी काठी पोटाशी घट्ट आवळून धरली. तरी थरथरत होता. मग नीट बघितलं. आधीचे सगळे धागे गप होते, शेवटचा तेवढा हलत होता, आणि तो आत्याबाईंच्या हातात होता.

मेंढरांमागं एकटी रानात राहिलेली ही बाई. लग्नापासून मी तिला भीत आले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्याबाई," मी जोरात म्हणाले, "लोकांकडं बघू नका. माझ्याकडं बघा आणि चाला."

आजवर मी त्यांना असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागल्या. मीही त्यांच्याशिवाय कुठं बघितलं नाही. खांबापासून काठीपर्यंत, काठीपासून खांबापर्यंत, ताणा पुरा होईपर्यंत. भीती काही गेली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी दचकले.

घरी आल्यावर हिशेब केला तर प्लॅनमधली जेवणाची वेळ तेवढी बरोबर निघाली. मेळा मात्र चुकवू नका, अजून दोन दिवस आहे. चहा पिताना आत्याबाई म्हणाल्या, "उद्याच्याला नाय जायचं. म्हातारी आजारी पडली म्हणून कळवून टाक."

मला बरं वाटायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "मी धरते की काठी."

"तुला भ्याव वाटतं नव्हं?"

"वाटतं."

"लई?"

"लई."

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "मला बी," म्हणाल्या, आणि उठून पोतं सकाळसाठी दाराशी नेऊन ठेवलं.