टोपलीतली नाडी

झाशीत आमच्या घरची मराठी बाजारात फार उपयोगी पडते. घरात आम्ही निम्मं हिंदी बोलतो. दुकानासमोर उभे राहिलो की मात्र एकदम मराठीवर येतो. "सोडा, पुढे बघू," किंवा "माप हलकं वाटतंय," हे भाजीवाल्याच्या तोंडावर, चेहरा न बदलता बोलता येतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या विजारीवर, कुणाच्या नव्या चष्म्यावर शेरे मारणं हा त्याच सवयीचा पुढचा भाग. माझ्या आईवडिलांना ही सवय होती. गुरसरायच्या माझ्या सासुरवाडीतही होती, त्यामुळे बायकोला लग्नानंतर काही शिकवावं लागलं नाही. आमची मुलगी या बोलण्यात भाग घेत नसे. मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देई. तिला अर्धंमुर्धं कळतं, असा आमचा समज होता.

ती कॉलेजात असताना छावणीत ट्रायथलॉन ठरली. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मधे थांबायचं नाही. शर्यत बाहेरच्यांनाही खुली होती आणि मुलींमधल्या पहिल्या तिघी लखनौच्या निवड शिबिराला जाणार होत्या. मुलीला त्या तिघींत यायचं होतं. दुसरं काही ती त्या दिवसांत बोलतच नव्हती. सायकल तिची चांगली होती, धावणं बरं होतं. पोहायला ती उशिरा शिकली होती आणि पाण्यात मागे पडणार हे तिला माहीत होतं. तेवढा वेळ दुसरीकडून काढायचा होता.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक. दुसऱ्याच्या मजकुरातून ओळी कापणं हे माझं काम. तोच हात मी इथे चालवला. तलावातून सायकलीवर आणि सायकलीवरून रस्त्यावर येताना कपडे-बूट बदलायची जी जागा असते, तिला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे वाया जाणारा वेळ मी कापायला बसलो. महागडं सामान घेणं शक्य नव्हतं. बुटांच्या नाड्या काढून शिंप्याकडचं इलॅस्टिक ओवलं. गाठ मारायची गरज उरली नाही. मोजे बाद केले. ओला पाय आत सरकावा म्हणून बुटात टाल्कम पावडर टाकली. टाचेशी दोऱ्याची कडी शिवली, बोट घालून बूट ओढायला. सायकलीला आणि धावायला एकच बूट, म्हणजे एक बदल कमी. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवायचं, पट्टे बाहेर पसरलेले. गूळ-दाण्याची वडी चिकटपट्टीने सायकलीच्या दांड्याला. सायकलींच्या रांगेत आपली जागा लांबून दिसावी म्हणून बायकोच्या जुन्या नारिंगी साडीची पट्टी बांधायची.

उरला नंबर. तो सायकलीवर पाठीमागे आणि धावताना पुढे दिसला पाहिजे, असा नियम होता. त्यासाठी बाजारात पट्टा मिळतो. आम्ही तो घरी केला: रुंद इलॅस्टिक, कंबरेभोवती, फिरवला की नंबर मागचा पुढे. बंद करायला बायको नाडी म्हणत होती.

"परकराची नाडी लावू. बांधली की बांधली."

"बांधायला वेळ जातो," मी म्हणालो. "टिचबटण लाव. टिच केलं की झालं."

व्हरांड्यात सराव झाला. मुलगी डोक्यावर बादली ओतून घ्यायची आणि पळत यायची, मी घड्याळ बघायचो. टिचबटण एकदाही निसटलं नाही. तरी बायकोने शर्यतीच्या सकाळी सामानाच्या टोपलीत तळाशी एक पांढरी नाडी टाकलीच. मी हसलो.

ट्रान्झिशनमध्ये गेलो तेव्हा पहिल्यांदा आमचं सामान मला दिसलं. घरी ते हुशारीचं वाटत होतं. तिथे, दोन्ही बाजूंना काळ्या चकचकीत सायकली आणि एकसारख्या पिशव्या असताना, आमची भाजीची टोपली, पावडरचा डबा आणि साडीची पट्टी दिसत होती. मी डबा टॉवेलखाली ढकलला. मुलीने तो बाहेर काढला आणि बुटात पावडर टाकली.

शेजारच्या जागेवर एक सडपातळ मुलगी आपली सायकल लावत होती. तिच्यासोबत तिची आई होती, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी.

बायको म्हणाली, "अहो, सायकल बघितली? विमानच. आणि चालवणारी काडीपेटीतली काडी."

मी म्हणालो, "विमानाने पोहता येत नाही. तलावात कळेल."

"बाहेर काढायला आईने शिट्टी आणलीय ना."

आम्ही दोघं हसलो. टोपीवाली बाई वळली.

"शिट्टी कुत्र्यांसाठी आहे हो," ती मराठीत म्हणाली. "सायकलच्या मागे लागतात. आम्ही साताऱ्याचे. यांचं पोस्टिंग बबिन्याला आहे."

बायकोने पदर सारखा केला. मला काही तरी बोलणं भाग होतं, म्हणून मी विचारलं, "सातारा म्हणजे नेमकं कुठलं?" तिने गाव सांगितलं. मी मान हलवली. ते गाव मला माहीत नव्हतं. आमची मुलगी पाठमोरी बसून बुटाचं इलॅस्टिक तपासत होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले, पण ते उन्हाने असतील असं मी धरून चाललो.

पालकांना दोरीबाहेर काढलं तेव्हा हवालदाराने बजावलं, "बाहर से कोई कुछ देगा नहीं, कोई कुछ बताएगा नहीं. एक शब्द भी बताया तो खिलाड़ी बाहर."

काडीपेटीतली काडी पाण्यातून सगळ्यांत आधी बाहेर आली. आमची बरीच मागून आली. पण बूट, हेल्मेट, सायकल हे सगळं तिने व्हरांड्यातल्यासारखं उरकलं आणि जाताना दोघी-तिघींना तिथेच मागे टाकलं. चिरगावच्या रस्त्यावरून परत आली तेव्हा ती तिसरी होती. सायकल लावली, हेल्मेट काढलं, पट्टा पुढे फिरवला. टिचबटण निघालं. पट्टा तिच्या पायात पडला. तिने तो उचलून लावला, पुन्हा निघाला. ओल्या इलॅस्टिकला बटण धरत नव्हतं.

मोठ गावची एक मुलगी सायकल घेऊन आत शिरत होती.

मी ओरडलो, "टोपलीत नाडी आहे! तळाशी! नाडी बांध!"

हे मी मराठीत ओरडलो. घाबरून तोंडातून मातृभाषा आली असं नंतर कुणी म्हटलं असतं तर ते खरं नव्हतं. हवालदाराला कळू नये म्हणूनच मराठीत ओरडलो. साताऱ्याची बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, हेही मला माहीत होतं.

हवालदार आला. "क्या बोला आपने?"

"कुछ नहीं. हौसला बढ़ा रहे थे."

तो साताऱ्याच्या बाईकडे वळला. साहेबांची बायको म्हणून तो तिला ओळखत असावा. "मैडम, आप तो मराठी हैं. क्या बोले ये?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत, आमच्या मुलीकडे.

"वही," ती म्हणाली. "हौसला."

तो गेला. ती आमच्यापासून चार पावलं दूर जाऊन उभी राहिली. शर्यत संपेपर्यंत तिने आमच्याकडे बघितलं नाही.

आत मुलीने टोपलीला हात लावला नाही. पट्ट्यावरून नंबरचा कागद ओढून काढला, छातीवर तळहाताने दाबला आणि धावायला निघाली. एक हात हलता, एक हात छातीला. लंगडणारी माणसं दिसतात तशी ती दिसत होती. मोठच्या मुलीने तिला वळणाच्या अलीकडे गाठलं. आमची चौथी आली.

ती गवतावर बसली. कागद घामाने मऊ झाला होता, पण आकडे दिसत होते.

बायको तिच्याजवळ खाली बसली. "अगं, टोपलीत नाडी होती. बाबा ओरडले. ऐकू नाही आलं?"

मुलगी मराठीत बोलली. "मी सगळा ऐकला. त्या काकूने पण ऐकला. सकाळचा पण. मला लाज आली."

दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो. या वाक्यांना मी हात लावला नाही.

घरी जाताना भाजी घ्यायची होती. बायकोने टमाटे हातात घेतले, माझ्याकडे वळून काही बोलायला गेली आणि थांबली. मुलगी सायकल धरून मागेच उभी होती.

"भैया," बायको भाजीवाल्याला म्हणाली, "ये वाले नरम लग रहे हैं. दूसरे दिखाओ."