वाळकाचं बी

धारूरच्या डोंगरकडेच्या त्या गावात छबुबाईला कुणाचं सोनं, कुणाची साडी बघून कधी काही वाटलं नाही. तिचं पोट दुखायचं ते फक्त धाकट्या जावेचं, वत्सलाबाईचं, कुणी कौतुक केलं की.

जैवविविधतेचा कायदा दिल्लीत कधीचाच झाला होता. दोन हजार आठला राज्याचे नियम निघाले आणि मग कुठे गावाला कळलं, की ग्रामपंचायतीनं समिती नेमायची, तीत बायका घ्यायच्या आणि गावातली झाडं, पाखरं, जुनी वाणं लिहून काढायची. वत्सलाबाई सातवी शिकलेली. तिला घेतलं. छबुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिला कशातलं काय कळतं? वाळकाचं बी माज्याकडं हाय का तिच्याकडं?" ती शेजारच्या बायनाबाईला विचारायची.

ते खरंच होतं. डोंगरातलं ते काकडीसारखं गोडसर वाळूक आता याच घरी उरलं होतं. सासूनं बी थोरलीच्या हाती दिलेलं. दरसाल पेरणीआधी धाकटीनं सुपात जोंधळे घेऊन यायचं, थोरलीनं तिला मूठभर बी द्यायचं. धाकटीनं स्वतः बी धरायचं नाही, ही घरची रीत. वत्सलाबाईनं ती कधी मोडली नव्हती.

एका संध्याकाळी बायनाबाईच सांगत आली, "उद्या तालुक्याचा सायब येनार हाय. वत्सला म्हनली, आमच्या घरचं वाळूक दाखवते."

आमच्या घरचं! बायनाबाईची पाठ वळताच छबुबाईनं बियांचं मडकं उतरवलं, बी टिकावं म्हणून घातलेली राख पाखडली आणि मीठ लावून सगळं बी तव्यावर भाजून काढलं. जीव कसा गार झाला. मिरव म्हणावं आता.

सकाळी वत्सलाबाई दारात आली. हातात जोंधळ्याचं सूप, मागे साहेब. छबुबाईनं चहाबरोबर भाजलेल्या बियांची बशी मुद्दाम पुढे ठेवली.

"अक्का," वत्सलाबाई म्हणाली, "मी पयल्याच बैठकीत सांगितलं, वाळूक आमच्या अक्कानं जपलं, त्यांचंच नाव लावा. सायब तुमचा फोटू काढाया आलेत. औंदा सगळ्या गावाला बी तुमच्याच हातनं द्यायचं ठरलंय."

साहेबानं बशीतली चिमूट तोंडात टाकली. "छान लागतंय. कशाचं आहे?"

छबुबाई सुपातल्या जोंधळ्याकडे बघत राहिली. आता मूठ भरून द्यायची होती. तिनं पदराला हात पुसले.

"वाळकाचं," ती म्हणाली. "तेवढंच हाय."