मामांचा तिसरा ढीग

"एवढ्या लांबून आलाय म्हणं, दगडाचं इचारायला," शेजारच्या काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. मी चहाचे कप विसळत होते. बाहेरच्या खोलीत नागपूरकडच्या एका कंपनीचा इंजिनिअर बसला होता. मामांना जाऊन बारा दिवस झाले होते.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमचं गाव सोनपेठ सोडून त्यांनी नोकरीची सगळी वर्षं विदर्भात, टंगस्टन या धातूच्या शोधात काढली. पद लहानच होतं. ओढ्यातली वाळू परातीत धुवायची, तळाशी उरलेला जड गाळ पुडीत बांधायचा, पुडीवर जागा लिहायची. सुटीत गावी आले की पारावरचे लोक विचारत, "घावलं का सोनं, साहेब?" मामा म्हणत, "घावलं की. तुमच्याच वावरात पुरून ठिवलंय, नांगरा आता."

मी परभणीला इंग्रजी शाळेत शिकले. गावात बोलायची मला लाज वाटायची, माझी मराठी ऐकून मुलं हसत. मामांनी मला कधी बोलायला लावलं नाही. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांच्या डोक्यावरून घोंगडी ओढली आणि अंधारात एका करड्या दगडावर जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. दगडात निळसर ठिपके पेटले. "दिसायलंय का?" मी मान हलवली. ती त्यांना अंधारात कशी कळली कोण जाणे... "बल्बातली तार ह्याचीच असती," एवढंच म्हणाले.

पुढे मामा कामाला होते ती खाण बंद पडली. टाकाऊ म्हणून सोडलेल्या मालाचे ढीग तिथेच राहिले. आता टंगस्टनला पुन्हा मागणी आली, तेव्हा या कंपनीने ते ढीग दळून धुऊन काढायचं ठरवलं. जुन्या नोंदवह्यांत मामांनी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे शिल्लक होते, पण कोणता ढीग कुठे ती पानं वाळवीने खाल्लेली, म्हणून त्यांनी मामांना फोन केला. मामा तेव्हा फार थकले होते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन रेघा मारायचे आणि आडवे व्हायचे. असा आठवडाभर बसून त्यांनी ढिगांचा नकाशा काढला. सोबतचं पत्र इंग्रजीत हवं होतं, ते लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "तिसऱ्या ढिगाचं खरं लिही, माय. खड्डे खणून आतला माल तपासायला घ्यायचा असतो. त्या दिवशी लय अंग मोडून आलतं. वरवरचाच घेतला अन् वहीत खड्ड्यातला म्हणून लिवला. आत काय हाय, मला ठावं न्हाई."

मी पत्र टाइप केलं. तेवढं सोडून. एका दमलेल्या दिवसासाठी त्यांनी आयुष्याच्या शेवटी नाव का घालवायचं, असं मला वाटलं. सही करताना त्यांनी विचारलं, "तेवढं लिवलंस ना?" मी हो म्हणाले. त्या दुपारी त्यांना गाढ झोप लागली. त्यानंतर ते तीन आठवडे होते. रोज मी त्यांच्या खोलीत जायचे, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे आणि ते गाळल्याचं न सांगताच परत यायचे.

चहा घेऊन मी बाहेर गेले तेव्हा इंजिनिअर मामींना सांगत होता, "सुरुवात तिसऱ्या ढिगापासूनच करतोय. सगळ्यांत चांगले आकडे तिथलेच आहेत. साहेबांच्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवतो आम्ही. पुढच्या महिन्यात यंत्रं येतील." मामींनी डोळ्यांना पदर लावला. शेजारचे दोघे-तिघे अभिमानाने मान डोलवत होते. मी हातातला ट्रे खाली ठेवला. इतक्या माणसांत मी कधी आपणहून बोलले नव्हते.

"तिसऱ्या ढिगात मामांनी खड्डे खणलेच नव्हते," मी म्हणाले. "त्यांनी ते पत्रात लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."