मागचा दिवा

सिग्नलला स्कूटरवरच्या बाईंनी काच वाजवली. "काका, तुमचा मागचा डावा ब्रेकलाइट लागत नाहीये." कधीपासून, कोण जाणे. पुढचे दिवे समोरच्या भिंतीवर दिसतात, इंडिकेटर टिकटिकतो. ब्रेकचा दिवा मात्र चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. आपल्या पाठीमागचं दुसऱ्यानेच सांगावं लागतं. दर रविवारी मी ब्रेक दाबायचो आणि बायको कणकेच्या हातांनी मागे उभी राहून ओरडायची, "लागले दोन्ही! सोडा आता." वैतागायची, पण यायची. ती गेल्यापासून गाडी पुसायचाही कंटाळा येतो. आज घरी येऊन कसाबसा बल्ब बदलला. सवयीने काच खाली केली, ब्रेक दाबला. पाय भरून आला, तरी 'सोडा आता' कुणी म्हणेना.