गुरुबसप्पाची भिंत

मंद्रूपचा मायाप्पा मेंढरं सोडून सोलापुरात आला तवा त्याला वीट कशी धरायची तेबी ठावं नव्हतं. गुरुबसप्पा गवंड्यानं त्याला हाताशी घेतलं. आपल्या फडक्यातली भाकर दिली, अन् वीट वाकडी बसली की पाठीत रट्टाबी दिला. अकरा वर्सं झाली त्याला. म्हाताऱ्याला कुणी उणं बोललं की मायाप्पा अंगावर जायचा.

एकतीस साली एका चाळीत दोघं न्हाणीघर बांधत होते. फरशी झाली, भिंती झाल्या, अन् कामावर देखरेख ठेवणारा नवा ओवरशेर गंगाधरपंत बघायला आला. त्यानं लाकडी काटकोन फरशीवर टेकवून भिंतीला लावला. वरच्या टोकाला अर्ध्या बोटाची फट!

"भिंत मागं कललीय. आंधळ्याच्या हातात थापी कुणी दिली? पाडा ही! म्हातारा उद्यापासून बंद."

गुरुबसप्पा थापी ठेवून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसला. मायाप्पा पंताच्या म्होरं आडवा झाला.

"सायेब, काटकोन टेकवला कशावर?"

"फरशीवर. मग काय आभाळावर?"

"फरशीला उतार दिलाय आमी. चार हातांत दोन बोटं. न्हाईतर बायकांनी काय डबक्यात बसून न्हायचं?"

त्यानं बादली उपडी केली. पाणी मोरीकडं पळालं. "बघा! फरशी कलती, म्हणून तुमचा काटकोन कलला. भिंत न्हाय!"

मग त्यानं वरून ओळंबा, वजन बांधलेली दोरी, सोडला. दोरी वरपासून खालपातूर भिंतीशी सारख्याच अंतरावर.

गंगाधरपंतानं वही काढली. "बरं, बरं. भिंतीचा उतार शून्य लिहितो."

"शून्य उंबऱ्याला लिवा! तो सपाट हाय, कितीबी आडवं जा, चढ न्हाय. भिंत दहा हात वर गेली, आडवी बोटभर सरकली न्हाय. चढ भागायचा आडव्या अंतरानं. ते हायच कुटं? भागता कशानं, टोपीनं? तिच्या उताराला आकडाच न्हाय!"

चुना कालवणारी फुलाबाई फिदीफिदी हसली. पंताचं तोंड लाल.

"राहू दे भिंत," तो पुटपुटला.

"मला काय सांगता? आंधळा म्हनला त्याला सांगा."

"अहो गुरुबसप्पा," पंत तिथनंच ओरडला, "भिंत ठीक आहे! उद्या कामावर या!"

"जवळ जाऊन सांगा की. म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय."

गुरुबसप्पाला सगळं ऐकू येत होतं. पंत लिंबाखाली पोचंस्तोवर तो ढिम्म हलला न्हाय.